साडभाऊंचे नऊ नग

गोंदिया जिल्ह्यात कपडे सगळेच घालतात, पण कपडे घालणं ज्याला समजलं असा माणूस एकच आहे आणि तो माझा साडभाऊ आहे. हे विधान मी पूर्ण शुद्धीत करतो आहे. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे हे यजमान सौंदडला राहतात, देवरीच्या एका शाळेत गणित शिकवतात आणि गेली कित्येक वर्षं त्यांच्या आलमारीत मोजून नऊ नग आहेत. चार शर्ट, तीन पँट आणि वरून घालायचे दोन: एक राखाडी स्वेटर, एक कोशाच्या रेशमाचं जाकीट. बनियान, मोजे, मफलर यांना ते कपड्यांत धरत नाहीत, ती किरकोळ मंडळी. माझी आलमारी उघडली तर कपडे अंगावर कोसळतात आणि तरीही कुठे जायचं म्हटलं की मी अर्धा तास बनियानवर उभा असतो. साडभाऊ नऊ नगांत बारा महिने असे वावरतात, की अनोळखी कचेरीतला शिपाईसुद्धा त्यांना आधी खुर्ची देतो आणि मग काम विचारतो.

या नऊ नगांमागे गणित आहे आणि ते ऐकल्याशिवाय त्यांच्या घरून कोणी उठू शकत नाही. चार गुणिले तीन गुणिले दोन, झाले चोवीस. म्हणजे चोवीस दिवस माणूस रोज नवा. एकदा वर्गात हे शिकवताना पोरांना उमजेना, तेव्हा दुसऱ्या दिवशी ते पिशवीत सगळी आलमारीच घेऊन शाळेत गेले. फळ्यासमोर दोरी बांधली, शर्ट-पँट टांगले आणि एकेका पोराला जोड्या लावायला बोलावलं. मुख्याध्यापक दारातून डोकावले आणि म्हणाले, "गुरुजी, धुणं घरीच वाळवत जा ना!" साडभाऊ शांतपणे म्हणाले, "धुणं नाही जी, गुणाकार आहे." त्या वर्षी त्या धड्यावरचं गणित एकाही पोराचं चुकलं नाही, असं ते सांगतात. खरंखोटं पोरांना ठाऊक.

या सगळ्याचा ताप झाला तो माझ्या मेहुणीला. तिला आम्ही ताई म्हणतो. ताईची एकच काळजी होती आणि ती रास्त होती: लेक लग्नाची झाली आहे, नागपूरला प्रयोगशाळेत नोकरीला लागली आहे, उद्या तिला पाहायला मोठ्या घरचे लोक येतील आणि हा माणूस त्याच त्या पांढऱ्या शर्टात त्यांच्यासमोर बसेल. "तवा तरी सूट शिवान का नाही जी?" ती विचारायची. "पोरीचं फिसकटलं त याद ठेवजा, तुमच्या त्या नऊ नगायपायी फिसकटंल." साडभाऊ हसायचे. त्यांना स्वतःवर जेवढा भरवसा, तेवढा माझा भिंतीवरच्या घड्याळावरही नाही.

खरं तर नवा कपडा घ्यायला त्यांची ना नव्हती, पण त्याची रीत कडक होती. नवा नग घरात यायचा तर तो घरातल्या तीन नगांसंगं बसला पाहिजे. याला ते 'सोयरीक पाहणे' म्हणत. दोन-तीन वर्षांतून एकदा ते गोंदियाच्या बाजारात यायचे, येताना पिशवीत घरचे तीन नग असायचे. दुकानात गादीवर बसून ते आपली राखाडी पँट उलगडायचे आणि समोरचा शर्ट तिच्याशेजारी ठेवायचे. मग थोडं मागे सरून डोळे बारीक करायचे. मग निळी पँट. मग जाकीट. एकदा तास झाला तरी पसंती होईना, तेव्हा दुकानदार कंटाळून म्हणाला, "मास्साब, कपड़ा लेने आए हो या रिश्ता करने?" साडभाऊ म्हणाले, "रिश्ताच भाऊ. कपड़ा तो कोई भी ले लेता है." त्या दिवशी शर्ट काही जमला नाही. मी मात्र शेजारी बसून फुलाफुलांचे दोन घेऊन टाकले. ते आजही माझ्या आलमारीत बिनलग्नाचे पडून आहेत.

नऊ नगांत मान होता तो पांढऱ्या शर्टाला. त्याला ते 'पाया' म्हणायचे. राखाडी पँटीवर तो शाळेचा, पांढऱ्या लेंग्यावर (लेंगाही किरकोळ मंडळीतला) तो विहारातल्या वंदनेचा, जाकिटाखाली तो लग्नाचा, आणि स्वेटरच्या गळ्यातून नुसती कॉलर दिसली तरी तो शहाण्या माणसाचा. यामागची गोष्ट मला त्यांनी एकदाच सांगितली. त्यांचे वडील तरुणपणी नागपूरला दीक्षेला गेले ते गावातल्या कोणाचा तरी मागून आणलेला पांढरा सदरा घालून. परत आल्यावर धुऊन, घडी घालून तो परत केला. मग मजुरीच्या पैशातून पहिला स्वतःचा कपडा शिवला तोही पांढरा सदराच. "बाप म्हणे, लोक आधी आपला सदरा पायतात, मंग आपल्याले बसाले सांगतात," साडभाऊ म्हणाले, आणि लगेच विषय बदलून इस्त्रीच्या पाण्यावर बोलायला लागले. लेकीला ही गोष्ट तोंडपाठ होती. तीही नागपुरात तीन कुर्ते, दोन पँट आणि एका कोशाच्या ओढणीवर अख्ख्या प्रयोगशाळेत उठून दिसायची, असं तिच्या मैत्रिणीच सांगत.

थरांचं शास्त्र तर त्यांचं स्वतःचंच. हिवाळ्यात सकाळी हमरस्त्यावर देवरीच्या बसची वाट पाहत ते उभे असायचे तेव्हा शर्ट, त्यावर स्वेटर, त्यावर जाकीट, त्यावर मफलर असा सगळा सरंजाम. पहिल्या तासाला मफलर खुंटीला, दुसऱ्याला जाकीट, मधल्या सुट्टीत स्वेटर. पोट्टे घंटेपेक्षा सरांच्या अंगाकडे पाहूनच वेळ ओळखायचे. एका डिसेंबरात आम्ही सगळे पहाटे नागझिऱ्याला गेलो. उघडी जिप्सी, झोंबणारा वारा, आणि मी हौसेने घेतलेलं लालभडक जर्किन. जंगलात असला भडक रंग चालत नाही, म्हणून गाइडने माझ्याकडे असं पाहिलं की मी ते काढून सीटखाली दडपलं. मग कुडकुडलो. साडभाऊंनी मफलर काढून माझ्या बायकोला दिला, जाकीट मला, स्वेटर लेकीला. शेवटी ते स्वतः नुसत्या शर्टात, दात वाजत असलेले. मी म्हटलं, "थंडी वाजून राहिली ना?" तर म्हणाले, "नाही जी, अंग हलवून राहिलो." वाघ काही दिसला नाही, पण एका माणसाच्या अंगावरच्या कपड्यांत तिघांची थंडी गेली हे मी पाहिलं.

आणि मग एका रविवारी पाहुणे आले. नागपूरचा मुलगा, चांगल्या पगाराचा. त्याची आई आणि त्याची वहिनी. मला आधाराला म्हणून गोंदियाहून बोलावलं होतं. ताईने आठवडाभर सुटाचा घोष लावला होता, साडभाऊ ढिम्म. सकाळी धुक्यात ते स्कूटरवरून पाहुण्यांच्या गाडीला वाट दाखवायला गेले ते स्वेटर आणि मफलरात. नाश्त्याला ते त्याच पांढऱ्या शर्टावर जाकीट घालून बसले. जेवणाला जाकीट उतरवून, बाह्या दोनदा दुमडून वाढायला उभे राहिले. तीन वेळा तीन माणसं वाटावीत असा तो थाट होता. मला तर अभिमान वाटला. वहिनी मात्र हातातल्या फोनआडून दिराकडे झुकली आणि हळू, पण आम्हाला ऐकू जाईल असं म्हणाली, "किती बेसिक ना!" दोघं हसले.

आजकालच्या पोरांच्या बोलीत 'बेसिक' म्हणजे बेचव, कसलीच आवड-निवड नसलेलं. हे मला ठाऊक होतं, कारण माझी मुलगी मला दिवसातून दोनदा तसं म्हणते. साडभाऊंना ठाऊक नव्हतं. आमच्याकडे चांगल्याला 'बेस' म्हणतात, फारच चांगल्याला 'लगित बेस', आणि गणिताच्या मास्तराला बेसिक म्हणजे पाया. त्यांचा चेहरा उजळला. मला ओढतच ते स्वयंपाकघरात घेऊन गेले. "ऐकलं का भाऊ? बेसिक म्हणाली! बारा वर्साची थेअरी त्या बाईनं एका शब्दात सांगतली. लगित बेस लोक आहेत!" लेक तिथेच कप विसळत होती. तिने तो शब्द बाहेरही ऐकला होता. तिने हातातला कप पुसून ट्रेमध्ये ठेवला.

चहा घेऊन ती बाहेर गेली आणि मुलाला सरळ विचारलं, "माझ्या बाबांचे कपडे कसे वाटले तुम्हाला?" तो गोंधळला, मग मोठ्या मनाने म्हणाला, "टेन्शन नका घेऊ, लग्नात त्यांना आम्हीच मस्त सूट शिवून देऊ." साडभाऊ खूश होऊन म्हणाले, "शिवा ना जी, पण रंग मले विचारून." पाहुण्यांनी निघताना होकार देऊन टाकला. गाडी वळणाआड जाते न जाते तोच लेक म्हणाली, "बाबा, माझा नकार आहे."

"काऊन?" साडभाऊंना धक्काच बसला. "पोरगा बेस, घर बेस, वहिनी त एवढी समजदार! कायले नाही म्हणतस?"

मला वाटलं, आता ती सांगणार. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, मग बापाकडे. "तुमीच सांगता ना बाबा, नवा नग घरातल्या तिघांसंगं बसला पाहिजे. मी लावून पाहिला. तुमच्यासंगं, आईसंगं, माह्यासंगं. नाही बसला."

साडभाऊ अडकले. स्वतःचाच सिद्धांत, खोडणार कसा? ताईने मात्र पदर डोळ्यांना लावला आणि पुढे कित्येक महिने येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगितलं, की एका सुटापायी सोन्यासारखी सोयरीक गेली, आणि लेकीचा फोन आला की तिलाही नकाराबद्दल बोल लावले. साडभाऊही मनातून लेकीवर थोडे रुसलेच होते. एवढे पारखी लोक पुन्हा मिळायचे नाहीत, असं ते मला फोनवर म्हणायचे. मी हूं-हूं करायचो.

वर्षभराने एका सुट्टीच्या दिवशी ते न कळवता माझ्या घरी आले. अंगात निळा शर्ट, खाकी पँट, सगळं ठाकठीक, पण चहा समोर ठेवलेला तसाच. वर्गात दोन पोरींचं भांडण झालं होतं. एकीने दुसरीच्या दप्तराला बेसिक म्हटलं आणि दुसरी रडायला लागली. यात रडण्यासारखं काय, म्हणून यांनी विचारलं, तर अख्ख्या वर्गाने अर्थ सांगितला.

"तुमाले मालूम होतं?" ते म्हणाले.

"हो."

"पोरीले?"

"तिला तर तेव्हाच."

त्यांनी कप आणखी दूर सारला. "माह्या सदऱ्यापायी नाही म्हटलं तिनं. आन मी तिले येडी समजून राहिलो होतो." त्यांचा आवाज एवढा खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. मी म्हटलं, तिला सांगून टाका, मोकळे व्हा. ते ताठ झाले. "नाही जी. माह्या जिवाले लागू नये म्हणून तिनं वर्षभर मायचे बोल खाल्ले. आता मी समजलो म्हणून सांगतलं, त तिनं खाल्लेले बोल फुकट जातीन."

तेव्हापासून हे असंच चाललं आहे. ती सांगत नाही, हे विचारत नाहीत, आणि मधल्या मध्ये मी दोघांचं गुपित सांभाळतो. मागच्या महिन्यात लेक दोन दिवस राहून नागपूरला परत निघाली, तेव्हा मी सौंदडलाच होतो. हमरस्त्यावर आम्ही तिघं बसची वाट पाहत उभे होतो. साडभाऊंनी जाकिटाचा गळा सारखा केला आणि लेकीला विचारलं, "कसा दिसून राहिलो? बेसिक आहे ना?"

तिने पापणीसुद्धा न हलवता म्हटलं, "एकदम बेसिक, बाबा." आणि त्यांची कॉलर बाहेर काढून दिली. मला त्या दोघांचाही हेवा वाटला. बस आली, ती चढली, खिडकीतून हात हलवला. बस दिसेनाशी झाली तरी साडभाऊ मान खाली घालून जाकिटाची बटणं लावत राहिले. ती सगळी आधीच लागलेली होती.