गोधडीतली परण

सहादेवबुवांच्या पखवाजाचं नेवासे तालुक्यात नाव होतं. बुवांना जाऊन चार वर्षं झाली, पण जाण्याआधी त्यांनी घालून दिलेला दंडक शिष्यांनी सोडला नव्हता. दर पुण्यतिथीला एकानं स्वतः रचलेली परण वाजवायची. परण म्हणजे पखवाजाच्या बोलांची बांधीव रचना. ती उसनी चालायची नाही. ज्याला जमणार नाही, त्यानं त्या दिवशी मुकाट्यानं टाळ धरायचे. यंदा पाळी वाल्मिकची होती.

वाल्मिक चाळिशीचा, घरचा ऊस सांभाळून वीस वर्षं बुवांपाशी शिकलेला. हात इतका तयार की डोळे मिटून ऐकलं तर बुवाच वाजवतायत असं वाटे. लोक हे कौतुकानं म्हणत. पण बुवा वजा केले तर आपल्यात उरतं काय, या विचारानं वाल्मिकला जेवण गोड लागेना.

काहीतरी सुचावं म्हणून त्यानं नाही नाही ते उद्योग केले. नगरला चित्रांचं प्रदर्शन पाहिलं. एका निळ्या चित्रापुढं इतका वेळ थांबला की रखवालदार संशयानं शेजारी येऊन उभा राहिला. मूर्तीच्या कारखान्यात गणपतीचे डोळे रंगवणाऱ्या बाईचा हात न्याहाळला. अकोले तालुक्यात जीपनं जाऊन बोहाड्याचे, म्हणजे देवादिकांची सोंगं नाचवायच्या उत्सवाचे, मुखवटे बघून आला. सगळं आवडलं, पण घरी पखवाजावर हात टेकला की निघायचे बुवांचेच बोल. ओळखीचा बोल आला की स्वारी चिडून थांबायची. मोटारसायकलच्या टाकीवर, हंड्यावर, ताटाच्या कडेवर बोटं मात्र चालूच. शेवटी बायकोनं, रोहिणीनं, समोरचं ताटच ओढून घेतलं.

आठवडा उरला तेव्हा तो ओसरीवर येरझाऱ्या घालत होता. त्याची आई साळूबाई जुन्या लुगड्यांची गोधडी शिवत होती. टाके कडेनं फिरत, कोपऱ्याला वळत, दर फेऱ्याला आखूड होत मध्याकडं चालले होते. वाल्मिक थबकला. मांडीवर त्याची बोटं सुईबरोबर चालू लागली. लांब ओळ, वळण, जरा आखूड ओळ, पुन्हा वळण. यात बुवा कुठंच नव्हते.

तीन दिवसांत परण बांधून झाली. बुवांचा वास येईल तो प्रत्येक बोल त्यानं वेचून काढला होता. फेरे आवळत मधोमध यायचे, क्षणभर शांतता, आणि मग सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा. मात्रांत कुठं चूक नव्हती, तरी परण कोरडी वाटत होती आणि का ते त्याला कळेना.

पुण्यतिथीच्या आदल्या दिवशी साळूबाईची गोधडीही मधल्या वीतभर चौकोनाशी आली. शेवटचे टाके घालण्याआधी तिनं भाकरीचा तुकडा आत सारला. जन्मभर तिच्याच गोधड्या पांघरूनही वाल्मिकला हे ठाऊक नव्हतं. त्यानं विचारलं, हे कशाला?

“गोधडी उपाशी ठिवू न्हाई,” ती म्हणाली. “तुज्या पखवाजाच्या तोंडाला लावाया मी रोज कणीक मळून देती. त्याशिवाय त्यो घुमतो का? मंग हिनंच का उपाशी ऱ्हावं?”

वाल्मिक आत गेला आणि पखवाज पुढ्यात घेतला.

पुण्यतिथीला बुवांच्या पत्नी रंगुबाई समोरच बसल्या होत्या, बोटांवर मात्रा मोजत. वाल्मिकनं परण सुरू केली. फेरे आखूड होत मध्याशी आले, आणि शांततेच्या जागी त्यानं बुवांचा एक लहानसा बोल ठेवला. बुवा प्रत्येक शिष्याला पहिल्या दिवशी शिकवत तोच, एकदाच. मग सम पडली. रंगुबाईंची बोटं त्या बोलावरच थांबली होती.

नंतर त्यांनी त्याला जवळ बोलावलं. “आजवर तू वाजीवलं की मला हे दिसायचे,” त्या म्हणाल्या. “आज तू दिसला. अन् हे तुज्या घरी जेवाया आल्यावानी वाटलं.”

वाल्मिकला रडू आवरलं नाही.

घरी जाताना तो उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकला. बोटं सवयीनं टाकीवर चालू झाली. मधेच ओळखीचा बोल आला. या वेळी बोटं थांबली नाहीत.