कूट कुणाला बाधतं?

माझ्या मुलीला शेंगदाणा चालत नाही. चालत नाही म्हणजे आवडत नाही असं नव्हे. ओठ सुजतात, घसा आवळतो, श्वास अडतो. ती अगदी लहान असताना हे कळलं आणि तेव्हापासून लालबागमध्ये मी ‘ती शेंगदाणेवाली’ झाले. बारसं असो, हळदीकुंकू असो, कोपऱ्यावरचं फरसाणाचं दुकान असो, माझा पहिला प्रश्न ठरलेला: यात शेंगदाणे आहेत का?

या प्रश्नाला आपली माणसं हमखास चुकीचं उत्तर देतात. मुद्दाम नाही देत. शेंगदाणे म्हणजे त्यांच्या लेखी अख्खे, दाताखाली येणारे. कूट म्हणजेही शेंगदाणेच, हेच त्यांना मान्य नसतं. भाजी पातळ झाली, घाला कूट. कोशिंबिरीला पाणी सुटलं, घाला कूट. एकदा एका बाईंनी शपथेवर सांगितलं की भरल्या वांग्यांत शेंगदाणे नाहीत, आणि पुढच्याच वाक्यात मला कृती सांगायला लागल्या: ‘वाटीभर कूट घ्यायचं.’ मी वांगी तिथेच ठेवून मुलीला उचलून घरी आले. त्या बाई अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत.

घरात भीती नव्हती. सासूबाई मालवणच्या, आमचं सगळं रांधप नारळावर. प्रश्न दाराबाहेरचा होता. मुलगी मोठी होत गेली तशी मी तिलाही विचारायला शिकवलं. शेंगदाणे आहेत का, कूट आहे का, तेल कुठलं आहे, आणि पाकीट असेल तर वाचून बघ. ती कॉलेजला जायला लागली तेव्हा पर्समध्ये ॲलर्जीवरचं इंजेक्शन दिलं आणि ते कसं टोचायचं ते तिच्या मैत्रिणीलाही दाखवलं. नवरा म्हणायचा, “अगं, पोरीला जगू दे जरा.” मी म्हणायचे, “त्यासाठीच तर चाललंय सगळं.”

आणि तरी ते झालं. परळला कॉलेजजवळ वडापावची गाडी आहे. मुलीने सगळे प्रश्न विचारले. वडेवाल्याने न कंटाळता उत्तरं दिली. सुकी चटणी विकतची होती, त्याने पाकीटच तिच्या हातात दिलं. त्यावर लिहिलं होतं: खोबरे, लसूण, मिरची, मीठ. तिने वाचलं आणि खाल्लं. अर्धा वडापाव संपायच्या आत तिला श्वास घेता येईना. मैत्रिणीने इंजेक्शन दिलं, रिक्षा तिथे कुठली मिळायला, वडेवाल्याने एक टॅक्सी अडवून दोघींना आत घातलं, आणि इस्पितळ जवळ होतं म्हणून माझी मुलगी वाचली.

मी पोचले तेव्हा तिचा चेहरा ओळखू येत नव्हता. मला रडू आलं नाही. संताप आला. पोरीचं काहीच चुकलं नव्हतं. तिने विचारलं होतं, वाचलं होतं. ते पाकीट खोटं बोललं होतं. मैत्रिणीने ते हुशारीने सोबत आणलं होतं. मागे पत्ता होता चिंचपोकळीचा.

दुसऱ्या दिवशी मी मोबाईलवरून अन्नसुरक्षेच्या सरकारी पोर्टलवर तक्रार टाकली आणि तशीच चिंचपोकळीला गेले. स्टेशनच्या बाजूच्या एका जुन्या इमारतीत तळमजल्यावर गाळा. आत चार बायका मिरच्यांचे देठ खुडत होत्या. मालकीणबाई साठीच्या, कोकणातल्याच. नवऱ्याची गिरणी बंद पडल्यावर मसाल्यापासून सुरुवात केलेली, हे मला नंतर कळलं. त्या क्षणी जाणून घ्यायची इच्छाही नव्हती. मी पाकीट त्यांच्यापुढे धरलं.

“यात कूट आहे?”

“थोडंसं.” त्यांना काही लपवायचं नव्हतं. “खोबरं किती महाग झालंय बघताय ना? मूठभर कूट घातलं की चटणी सुटी राहते. चव पण येते.”

“मग पाकिटावर का नाही लिहिलं?”

“त्यात काय लिहायचं? कूट कुणाला बाधतं?”

“माझ्या मुलीला. काल रात्री तिला ऑक्सिजन लावला होता.”

बाईंनी पाकीट माझ्या हातातून घेऊन उलटंपालटं केलं. बाकीच्या बायकांचे हात थांबले. मी सांगितलं की तक्रार केली आहे. त्या म्हणाल्या, “गाळा बंद करतील का ओ?” मी म्हटलं, ठाऊक नाही. खरं सांगायचं तर बंद व्हावा असंच मला वाटत होतं. घरी येऊन सासूबाईंना सांगितलं तर त्यांना वेगळाच धक्का बसला. “खोबऱ्याच्या चटणीत कूट?” त्या म्हणाल्या. “ही खयची कोकणातली?”

गाळा बंद झाला नाही. अधिकारी आले, नमुना घेतला, सुधारणेची नोटीस दिली, असलेली पाकिटं उचलायला लावली. मला वाटलं, एवढंच? मग काही आठवड्यांनी त्याच अधिकाऱ्यांचा फोन आला. दिल्लीच्या केंद्रीय खात्याने ॲलर्जीच्या लेबलांवर उद्योगातल्या लोकांची बैठक ठेवली आहे, दादरला एका सभागृहात. तक्रारदार म्हणून तुम्ही येऊ शकता. नवरा म्हणाला, “तिथे सगळे कंपन्यांचे लोक. तू काय बोलणार?” मी म्हटलं, “जे इथे बोलते तेच.” ऑफिसात रजा टाकली आणि गेले.

माझ्या डोक्यातलं चित्र असं होतं की सरकार छडी घेऊन उभं असेल आणि कंपन्या कान धरून बसलेल्या असतील. तसं काही नव्हतं. पुढच्या रांगांत कंपन्यांची माणसं बॅज लावून बसली होती, मागे छोटे कारखानदार, आणि मंचावर बसलेल्या दिल्लीच्या मॅडम त्यांना म्हणत होत्या, नियमाचा मसुदा तुम्ही वाचला आहे, आता अडचणी सांगा. अडचणी! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चिंचपोकळीच्या मालकीणबाई मागच्या रांगेत होत्या. मला बघून त्यांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलून मांडीवर घेतली. दुसरी जागा नव्हती, मी बसले.

पण सकाळभर ऐकल्यावर एक गोष्ट मला पटली, इच्छा नसतानाही. नियम दिल्लीत लिहिला जातो, पण डब्यात हात घालणारी बाई चिंचपोकळीला असते. तिला जो नियम पाळताच येणार नाही तो कागदावर कितीही कडक असला तरी माझ्या मुलीच्या कामाचा नाही. म्हणून हे लोक विचारत होते. विचारायला माझी हरकत नव्हती. उत्तर काय मिळतं याची धास्ती होती.

आणि ते उत्तर मिळालं. एका मोठ्या कंपनीचे गृहस्थ उठले. गोड बोलणारे. म्हणाले, सोपा उपाय आहे. सगळ्यांनी सगळ्या पाकिटांवर एक ओळ छापावी: ‘यात शेंगदाण्याचा अंश असू शकतो.’ ग्राहक सावध, उत्पादक सुरक्षित. सभागृहात माना डोलल्या. मोठ्यांच्या डोलल्या, छोट्यांच्याही. मालकीणबाईंनी मला कोपराने ढोसलं. “बघा, झालं तुमचं काम.”

मी हात वर केला आणि माईक येईपर्यंत खाली घेतला नाही.

“सगळ्यांवर लिहिलं तर माझ्या मुलीने खायचं काय?” मी म्हटलं. “तांदळावर लिहाल, दुधावर लिहाल. चार दिवस ती घाबरून काही खाणार नाही, पाचव्या दिवशी वाचायचं सोडून देईल. लांडगा आला रे आला, असं रोज ओरडलात तर खरा लांडगा येईल तेव्हा कोण धावणार? ही ओळ तुम्हाला वाचवायला आहे. तिला नाही.”

मंचावरच्या मॅडम शांतपणे म्हणाल्या, “तो आप चाहती क्या हैं?”

“जिसमें है, उसपे लिखो. जिसमें नहीं है, उसपे मत लिखो.” माझं हिंदी एवढंच, पण पुरलं.

गृहस्थ हसून म्हणाले, “ताई, नसल्याची खात्री कोण देणार?”

“तुम्हीच. माल तुमचा आहे.”

मालकीणबाई कुजबुजल्या, “असं नका ओ बोलू. आमच्याकडे ग्राइंडर एकच आहे. आम्ही कशी खात्री द्यायची?” मी त्यांचा प्रश्नही माईकवर विचारला, त्यांना आवडो न आवडो. मॅडम म्हणाल्या, मग तसंच लिहा, जे खरं आहे ते. आणि मला म्हणाल्या की हे सगळं लेखी पाठवा, कंपन्यांच्या सूचना जिथे जातात तिथेच तुमचीही जाईल.

मी पाठवलं. पोच आली. नायगावच्या एका आईला शोधलं, गिरगावातल्या दोघींना शोधलं, त्यांनाही लिहायला बसवलं. एकीच्या मुलाला तीळ चालत नाहीत, एकीच्या मुलीला दूध. निर्णय अजून झालेला नाही. कुणी विचारलं की ‘काय झालं हो तुमच्या त्या दिल्लीचं?’ तर मी सांगते, चालू आहे. थट्टा करणाऱ्यांनी करावी. मी दर वेळी नवीन मसुदा आला की वाचते आणि लिहिते, आणि लिहीत राहणार आहे.

मध्यंतरी मालकीणबाईंचा फोन आला. नवीन पाकिटं छापून आलीत, मुलीला घेऊन या. मी मुलीला विचारलं, तुला यायचंय का त्या गाळ्यात? ती म्हणाली, “चल ना. बघू तरी.”

गाळ्यात बाईंनी चटणीचं पाकीट थेट तिच्या हातात दिलं, माझ्या नाही. म्हणाल्या, “कूट काढलं मी यातून. महाग झाली चटणी, गिऱ्हाईक बोंबलतंय, बोंबलू दे. पण ग्राइंडर एकच आहे गं. उपासाच्या चटणीचं कूट त्याच्यातच होतं. मी घासून धुते, पण तुझ्या जिवावर शपथ नाही घेणार.”

मुलीने पाकीट उलटं केलं. जिन्नसांच्या खाली, ठळक अक्षरांत, मराठीत आणि इंग्रजीत छापलं होतं: याच यंत्रावर शेंगदाण्याचे कूट केले जाते. ही ओळ त्यांनी गाळली असती तर कुणालाही कळलं नसतं, मलासुद्धा.

“म्हणजे मला नाही चालणार,” मुलगी म्हणाली.

“नाही चालणार, बाय. म्हणून तर लिहिलं.”

मुलीने मान हलवली आणि पाकीट फळीवर परत ठेवलं. रुसली नाही, माझ्याकडे बघितलंही नाही. मला फार बरं वाटलं, आणि वाईटही. तिच्या लहानपणापासून ‘खाऊ नकोस’ म्हणणारी मीच होते. त्या दिवशी ते पाकिटाने सांगितलं, आणि मला तोंड उघडावं लागलं नाही.