रिकामं फिरवलेलं मशीन

वहिनींनी झाडूच्या दांड्यानं माझी ओढणी मशीनमधून बाहेर काढली. धुऊन निघालेली, साबणाच्या वासाची ओढणी. बाल्कनीच्या फरशीवर पडली.

पिंपळे गुरवच्या त्या सोसायटीत मी धुण्याभांड्याला होते. वहिनींचे सासरे अंथरुणाला खिळलेले. त्या सकाळी मी त्यांना धरून बसवलं, तर त्यांना उलटी झाली. चादर भरली. माझी ओढणीही भरली. मी दोन्ही खंगाळली आणि एकत्रच मशीनला लावली. मशीन रोज मीच लावायचे.

"मावशी, राग मानू नका," वहिनी म्हणाल्या, "पण तुमचे कपडे आमच्या मशीनमध्ये नकोत. कसंतरी वाटतं."

मग त्यांनी मशीनमध्ये फिनेल ओतलं आणि ते रिकामंच फिरवलं. सासऱ्यांची चादर मात्र वाळत घालायला सांगितली. मलाच.

मी घातली.

माझी आई याच गावातल्या मोठ्या घरांचं धुणं पवनेवर न्यायची. सोड्यात भिजवायचं, दगडावर आपटायचं. तळहाताला कायम भेगा. स्वतःचं लुगडं धुवायचं तर खालच्या अंगाला जायचं. आमचं पाणी त्यांच्या कपड्यांना लागता कामा नये. पुढं नदी नासली, घरोघर नळ आले, आई मोरीत बसून ब्रशनं घासू लागली. मी कामाला लागले तेव्हा दोन डब्यांचं मशीन आलं होतं. ओले पिळे या डब्यातून त्या डब्यात टाकायचे. आता बटण दाबलं की झालं. मला वाटलेलं, बटणाला जात कळत नाही.

नव्हतीच कळत. वहिनींना कळत होती.

रिकामं मशीन घरघरत होतं आणि मला नदीचं ते खालचं अंग दिसत होतं. आई तिथं मुकाट बसली. मी नाही बसणार.

"वहिनी, आजोबांची उलटी चालली," मी म्हणाले. "माझी ओढणी नाही चालली."

विषय वाढवू नका, म्हणाल्या. मी ओढणी उचलली, ओलीच अंगावर घेतली आणि निघाले. आजोबा आतून हाक मारत होते. मी वळले नाही.

गेटवर बाकीच्या कामवाल्या बायकांना सांगितलं. दोघी-तिघी हसल्या. एवढं मनाला लावून घेतलं तर खाशील काय, म्हणाल्या.

आता नवं काम बघायला गेले की दारातच विचारते, काम करताना माझा कपडा भरला तर तुमच्या मशीनला लावीन, चालेल का? बरीच दारं तिथंच लागतात.

लागू देत. विचारल्याशिवाय मी कुणाचा उंबरा ओलांडणार नाही.