दहा पावलं पुढे

लग्नानंतरची तीस वर्षं आमचे हे माझ्या दहा पावलं पुढे चालले. बर्डीवर, बाजारात खरेदीला गेलो तरी तेच. हे पुढे, हात पाठीमागे बांधून. आणि मी मागून, एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात पोरगी. "थोडं हळू चाला ना जी," हे मी इतक्यांदा म्हणायची की पोरगी बोलायला लागली तेव्हा तीही तेच म्हणू लागली. यांचं आपलं चालूच. सासरेही सासूबाईंच्या पुढेच चालायचे, मग यांनी वेगळं काय शिकावं?

राग यायचा मला. पण खोटं कशाला बोलू, दर कोपऱ्यावर हे थांबायचे. मी दिसले की पुन्हा निघायचे. पोह्यांच्या गाडीवर मी धापा टाकत पोचेपर्यंत माझी प्लेट तयार असायची, वरून ओततात ती तिखट तर्री कमी, कांदा जास्त, मला लागते अगदी तशी. फार सुखाचे दिवस होते ते. तेव्हा कुठं कळलं होतं!

दोन वर्षांपूर्वी यांना लकवा मारला. डावी बाजू गेली आणि बुटीबोरीच्या कंपनीतलं काम सुटलं. प्रताप नगरातल्या आमच्या दोन खोल्यांत माझी शिलाई मशीन तेवढी चालू राहिली. पोरीनं अपंगत्वाच्या दाखल्यासाठी ऑनलाइन अर्ज भरला. दाखल्यावर निदान चाळीस टक्के लिहून आले, तरच सरकारची महिन्याची मदत सुरू होणार होती. आमचं घर त्या आकड्यावर अडलं होतं.

तपासणीच्या दिवशी यांनी एका हातानं दाढी केली, इस्त्रीचा शर्ट मागितला, मला बूट पॉलिश करायला लावले.

"कशाला एवढं?" मी म्हटलं.

"साहेब लोकायसमोर जाऊन राहिलो. गबाळ्यासारखा जाऊ काय?"

दवाखान्यात डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, त्या खिडकीपर्यंत चालून दाखवा." मी यांचा हात धरला. यांनी तो सोडवून घेतला, काठी माझ्याकडे दिली आणि दात घट्ट आवळून, पाठ ताठ ठेवून निघाले. मी मागून. खिडकीपर्यंत पोचलेसुद्धा.

"काही त्रास होतो?"

"काही नाही, म्याडम. एकदम फर्स्ट क्लास."

मी तोंड उघडलं, तर यांनी माझ्याकडे असं पाहिलं की मी गप्प झाले. चारचौघांत नवऱ्याचं उणं काढू नये, हे माहेराहून शिकून आलेली मी मूर्ख!

दाखल्यावर चाळीसच्या खालचा आकडा आला. त्या चालण्यापायी हे दोन दिवस खाटेवरून उठले नाहीत. मी मनसोक्त भांडले. "काहून चालले तसे? कोणाले दाखवाचं होतं?"

हे भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "तू मांगून पाहून राहिली होती ना."

माझा राग तिथंच संपला.

पुढे फेरतपासणीची तारीख मिळाली. तीच खोली, त्याच डॉक्टरबाई, तीच खिडकी. या खेपेला मी काठी यांच्या हातात ठेवली आणि स्वतःच पुढे निघाले. मागे वळून पाहायचं नाही, असं घरूनच ठरवून आले होते. मागून काठी टेकल्याचा आवाज यायचा, मग फरशीवर पाय घासत आल्याचा. मग दोन्ही थांबले.

"हळू चाल वं जरा," हे म्हणाले. "माझ्यानं नाही होऊन राहिलं."

डॉक्टरबाई लिहू लागल्या. मी खिडकीशी थांबले, गजांना धरून, आणि हे येईपर्यंत बाहेरच बघत राहिले. डोळे पुसायला तेवढाच वेळ होता.

दाखला मिळाला, मदतही सुरू झाली. आता संध्याकाळी चौकापर्यंत आम्ही बरोबरीनं जातो, यांचा हात माझ्या खांद्यावर असतो. बायका म्हणतात, किती छान जोडीनं चालता. मी हसते. पण मला रोज वाटतं, यांनी एकदा तरी हा हात सोडवून घ्यावा, पुढे निघून जावं आणि मी मागून ओरडत राहावं.