विषाचा पेला

कोकम सरबताचा वास आला की माझे डोळे अजून आपोआप मिटतात. कालच शिरूरच्या कॉलेजात, गॅदरिंगच्या नाटकात मी मेलेली नायिका होते आणि हेच सरबत विष होतं. नियतीपुढे हरलेला नायक, राहू गावचा रमेश, पेला ओठांना लावणार, तेवढ्यात पहिल्या रांगेतून आप्पा ओरडले, "ठिव त्यो पेला! ती जित्ती हाय!"

मंडपात हशा पिकला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठवड्यापूर्वीच रमेशच्या मागणीला "न्हाई" म्हणालेले माझेच वडील होते ते.

आम्ही एसटीने परतलो. यवत आल्यावर आप्पा म्हणाले, "उद्या त्याला घरी बोलीव."

आज त्यांनीच सरबत केलंय. "घ्या, पाव्हणं." रमेश एका दमात पितो. तो हसून पेला खाली ठेवतो, तेव्हाच माझा जीव भांड्यात पडतो.