तिसऱ्या गिअरवरचा हात

मी आमच्या जीपचा सुटा भाग आहे. आरसी बुकात माझी नोंद नाही, एवढंच.

जीप आमच्या लग्नाच्या आधीची. म्हणजे घरात आधी ती आली, मग मी, आणि हा क्रम आमच्या ह्यांनी आजतागायत बदललेला नाही. तिचं मीटर एकदा सगळे नऊ दाखवून परत शून्यावर आलं, त्या दिवशी ह्यांनी अख्ख्या सरावलीत पेढे वाटले. (आमची रेवती बारावी पास झाली तेव्हा घरात अर्धा किलो बर्फी आली होती. तीही मी आणली होती.)

या जीपचा तिसरा गिअर सुटतो. टाकला, हात काढला, की खट्! बाहेर. दुसऱ्यात गाडी बोंबलते, चौथ्यात चढ चढत नाही, म्हणजे तिसरा हवाच. यावर दोन उपाय होते. एक, गिअरबॉक्स बदलणं. दुसरा, बायको. ह्यांनी दुसरा निवडला.

तेव्हापासून माझी जागा ठरली. डावीकडच्या सीटवर बसायचं, ह्यांनी तिसरा टाकला की उजव्या हाताने दांडा दाबून धरायचा, 'सोड' म्हणाले की सोडायचा. दांडा तापतो, म्हणून पदराचं टोक गुंडाळायचं. आमचं कडाक्याचं भांडण चालू असलं तरी हात दांड्यावर! माहेरी निघून जायचं तरी ह्याच जीपने, आणि हात दांड्यावर! डहाणूच्या बाजारात माझं शाळेच्या गणवेशांचं दुकान आहे. माझा उजवा दंड डाव्यापेक्षा जाड आहे, तो लोकांना कात्रीमुळे वाटतो. कात्रीमुळे नाही!

"अहो, नवीन घ्या," म्हटलं की ठरलेलं उत्तर.

"घेऊ ना. ही चालतेय तोवर चालू दे."

तीच तर अडचण आहे! ती चालतेच. आमच्या आळीतल्या तीन नव्या गाड्या विकून झाल्या, ही मेली चालतेच आहे. "मग मला तरी चालवू द्या," म्हटलं, तर "तुला जमेल गं, पण हिला हात ओळखीचा लागतो." माझ्याकडे लायसन्स आहे. ते मी आधार कार्डाच्या झेरॉक्स संपल्या की वापरते.

तेव्हा रेवतीच्या लग्नाचं बोलणं निघालं त्या दिवशी मी घरात जाहीर केलं, "मला हुद्दा नको, जमीन नको, मुलगा काळा-गोरा कसाही चालेल. गाडी नवी पाहिजे. माझी मुलगी कुणाचा दांडा धरून आयुष्य काढणार नाही."

रेवती कासाला लॅबमध्ये काम करते. तिने मान खाली घालून सांगितलं, की तिथल्याच एका शाळेत निखिल म्हणून शिक्षक आहे, घर तलासरीला, ओळख चांगली आहे, आणि आईवडील येत्या रविवारी आपल्याकडे येतो म्हणतायत.

"गाडी कुठली?" मी विचारलं.

"पांढरी," ती म्हणाली. (पुढचं मी तेव्हाच विचारायला हवं होतं.)

रविवारी सकाळी मी जीप घराच्या मागे, चिकूच्या झाडाखाली नेऊन ठेवायला लावली. वरून ताडपत्री, पुढे रिकाम्या क्रेटांची भिंत. ह्यांचा चेहरा असा, की मी सासूबाईंनाच क्रेटांमागे बसवलंय.

"आणि विचारलंच तर सांगायचं, गाडी ठेवत नाही, गरज पडत नाही," मी बजावलं.

"खोटं बोलू?"

"तिच्या पासिंगच्या वेळी बोलता तेवढंच बोला."

अकराच्या सुमाराला पाहुणे आले. गाडी पांढरीशुभ्र, इतकी नवी की सीटवरचं प्लास्टिकही निघालं नव्हतं. मी मनातल्या मनात मुलगा पास करून टाकला. त्याचा चेहरा नंतर पाहिला. बरा होता.

निखिलचे वडील जयंतभाई गप्पिष्ट, आई शैलाताई कमी बोलणाऱ्या पण नजर माझ्यासारखी. पोहे झाले, चहा झाला, सगळं इतकं सुरळीत चाललं होतं की मला संशय यायला हवा होता. तेवढ्यात मागच्या वाडीत आमच्या विहिरीवरचं जुनं डिझेल इंजिन धडधडायला लागलं, आणि जयंतभाईंचे कान उभे राहिले.

"अरे वा! हे अजून चालतंय? बघू तरी!"

मी थांबवेपर्यंत दोघे बाप्ये वाडीत. जयंतभाई इंजिन बघायला हौदावर वाकले, आणि त्यांच्या शर्टाच्या खिशातून गाडीची किल्ली बुळुक्!

किल्ली काढली, पुसली, उन्हात ठेवली, मी तांदळाच्या डब्यात घालून बघितली. गाडी नुसती टिंग टिंग करते. दार उघडलं की टिंग, बटण दाबलं की टिंग, चालू व्हायचं नाव नाही.

"धक्का मारू या का?" ह्यांनी उत्साहाने बाह्या सरसावल्या.

"धक्क्याने नाय होत ही," जयंतभाई म्हणाले.

"मग कशाने होते?"

"कंपनीचा माणूस येतो. तो कॉम्प्युटर लावतो."

"धक्क्याने चालू न होणारी गाडी," हे मला नेमकं ऐकू येईल असं पुटपुटले, "ती गाडी कसली?"

"दुसरी किल्ली असेल ना?" मी विचारलं.

"आहे ने. सुरतला."

"सुरतला कशाला?"

शैलाताईंनी नवऱ्याकडे असं पाहिलं, की ती नजर मी कुठेतरी पाहिलीय असं मला वाटलं. (आरशात, हे नंतर लक्षात आलं.)

"आम्ही एसटीने जातो. काय वांधा नाय," जयंतभाई म्हणाले.

"एसटी कशाला?" हे म्हणाले. मी डोळे वटारले. हात हलवला. शेवटी खोकले. काही उपयोग नाही! "आपली जीप आहे ना!"

आणि क्रेटांची भिंत स्वतःच्या हाताने पाडून, ताडपत्री ओढून, ह्यांनी तिला पाहुण्यांपुढे उभं केलं. पुढचं दार ओढणीने बांधलेलं. मडगार्डवर चिकूचा चीक. माझा असा संताप झाला की कानशिलं तापली. इतकी वर्षं जिने माझा दंड खाल्ला, ती आज माझ्या मुलीचं स्थळही खाणार होती!

शैलाताईंना मानाने पुढे बसवलं. मी, रेवती, निखिल, जयंतभाई मागे. म्हणजे दांड्याजवळ मी नाही! मी मागून वाकून ह्यांच्या कानात म्हटलं, "दुसऱ्यातच न्या. तलासरीपर्यंत. काहीही झालं तरी."

आशागडपर्यंत आम्ही दुसऱ्यात बोंबलत गेलो. एका सायकलवाल्याने आम्हाला ओव्हरटेक केलं आणि वळून सहानुभूतीने पाहिलं. ह्यांना ते सोसेना. पुढे गंजाड सोडून चढ लागला, आणि ह्यांनी घातला तिसरा.

मी दोन सीटच्या मधून झेप घेतली. पण माझा हात पोचायच्या आत तिथे एक हात होता.

शैलाताई नागलीच्या पापडांबद्दल सांगत होत्या. पापडखार किती घालायचा हे सांगता सांगता त्यांनी पदराचं टोक तळहाताला गुंडाळलं, दांडा दाबून धरला, आणि वाक्य न तोडता पुढे म्हणाल्या, "...आणि उन्हं कोवळी असताना लाटायचे." दांड्याकडे पाहिलंसुद्धा नाही!

मी तशीच वाकलेली, त्या हाताकडे बघत.

"ताई," मी सावकाश विचारलं, "तुमची गाडी कुठली?"

"आज आणली ती?"

"नाही. खरी."

शैलाताईंनी एकदा दांड्याकडे पाहिलं, एकदा स्वतःच्या हाताकडे, आणि मग जो बांध फुटला! "ती पांढरी पुतण्याची हो! सुरतला असतो तो. आमच्या दारात पण असलीच जीप उभी आहे, याच्याहून जुनी. मीच म्हटलं, लोक पहिल्यांदा बघणार, ती खटारा नको. तुमचा तिसराच सुटतो ना? आमचा दुसरापण सुटतो!"

"दुसरापण?" हे आदराने म्हणाले.

"मग काय, दादा! पण इंजिनला अजून हात नाय लावला!" मागून जयंतभाई.

दोघांना एकमेकांत भाऊ सापडला. मी रेवतीकडे वळले.

"तुला माहीत होतं?"

"होतं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"म्हटलंच असतं!"

"म्हणून नाही सांगितलं."

मी मोर्चा निखिलकडे वळवला. "हे बघ, नवीन गाडी घेणार असशील तर पुढचं बोलणं. काय ते आत्ता सांग."

"घेऊ ना," तो अत्यंत नम्रपणे म्हणाला. "ही चालतेय तोवर..."

"पुढे बोलू नकोस!" मी आणि शैलाताई एकदम ओरडलो. ह्यांनी दचकून ब्रेक दाबला.

जीप थांबली तशी मी सांगून टाकलं, "हे स्थळ मोडलं. मी गिअर धरत धरत म्हातारी झाले, माझी मुलगी नाही होणार."

"खरं आहे," शैलाताई म्हणाल्या. मग हळूच, "पण माझा खांदा फार दुखतो हो आता. मला वाटलं होतं, सून आली की..."

"बघा! बघा!" मी किंचाळले.

"आई," रेवती शांतपणे म्हणाली, "पण मी गिअर कशाला धरेन? मी चालवते. निखिल धरतो. सहा महिने झाले, कासापासून तलासरीपर्यंत त्यांच्या जीपने आम्ही तसेच तर जातो."

निखिलने उजवी बाही वर करून दंड दाखवला. माझ्याएवढा झाला होता!

त्यानंतर तलासरीपर्यंत मी मागे बसून धुमसत होते. नवऱ्यावर राग होता, जीपवर होता, पण सगळ्यात जास्त स्वतःवर होता. इतकी वर्षं मी नवीन गाडी मागत बसले, आणि नुसतं पलीकडच्या सीटवर जाऊन बसायचं मला एकदाही सुचलं नाही! तलासरीत त्यांची जीप दारातच उभी होती. तिच्याकडे हे ज्या नजरेने बघत राहिले, तसं मला बघायला आले तेव्हाही बघत नव्हते. मी ह्यांच्यापुढे हात पसरला. "किल्ली द्या. परत जाताना मी चालवणार. तुम्ही धरा."

चारोटीला येईपर्यंत ह्यांचा हात भरून आला. "एक नवीन गिअरबॉक्स बसवून घेऊ या का गं?" ते म्हणाले. मी म्हटलं, "घेऊ ना. हा चालतोय तोवर चालू दे."

लग्न मे महिन्यात आमच्या अंगणात झालं. पाठवणीला सासरची जीप, झेंडूच्या माळांनी मढवलेली. रेवती शालू खोचून स्टिअरिंगवर बसली, नवरदेव फेटा सांभाळत डावीकडे. बायका डोळे पुसत होत्या. मी नाही. मी कान देऊन इंजिन ऐकत होते. पहिला. दुसरा. मग कोपऱ्यावर चढ लागला, आणि पडला तिसरा.

"ताई," शेजारून गुरुजींचा घाबरलेला आवाज आला, "माझी छत्री सोडा."

मी खाली पाहिलं. त्यांच्या छत्रीचा दांडा माझ्या उजव्या मुठीत होता, वर पदराचं टोक गुंडाळलेलं.

"थांबा हो," मी म्हटलं, "चौथा पडू दे, मग सोडते!"