आईच्या उजव्या बरगड्या

मी गाव सोडलं त्या दिवशी आईने हात वर केला नाही. चंद्रपूरची एसटी वळणाला लागेपर्यंत मी खिडकीतून बघत होते. बाकीच्या बाया हात हलवत होत्या, आणि ही उजवं कोपर अंगाशी दाबून उभी. रागावली असेल, असं मी धरून चालले. नागपूरला फिजिओथेरपी शिकले, तिथे नोकरी मिळत होती, तरी पुण्याला निघाले, राग यायचाच. पुढची तीन वर्षं मी त्या न उठलेल्या हातावर रुसून होते. लिहायला लाज वाटते. पण दुसऱ्यांविरुद्ध पत्रकं लिहिणाऱ्या पोरीने आधी स्वतःचं लिहावं.

हे मिरची तोडायला जाणाऱ्या आमच्या टोळीतल्या बायांसाठी आहे, आणि माझ्यासारख्या निघून गेलेल्यांसाठीही.

पुण्यात मी एका क्लिनिकमध्ये काम करते आणि रविवारी ऑस्टिओपॅथी शिकते. त्यात हाडं-सांधे हातानेच तपासायचे: मशीन नंतर, आधी हात. श्वास घेतला की वरच्या बरगड्या बोअरिंगच्या हापशाच्या दांड्यासारख्या वर-पुढे येतात, खालच्या बादलीच्या कडीसारख्या बाजूला उचलल्या जातात. वर्गात हे चित्र काढून समजावतात. मला चित्राची गरज नव्हती, बारावीपर्यंत तो दांडा मीच मारला आहे. माझे पेशंट धावायच्या स्पर्धा असतात म्हणून येतात. ‘लेफ्ट हिप जरा टाइट वाटतंय’ म्हणतात. त्यांना मी पाऊण तास देते.

माझ्या आईची कंबर उजवीकडे दुखते, तर तालुक्याच्या खाजगी डॉक्टरने तिला काय दिलं? इंजेक्शन, पिवळ्या गोळ्या आणि ‘वय झालं, बाई’. सेहेचाळीस हे कुणाचं वय होतं हो? तीन वर्षं हा माणूस तिला ‘तपासत’ होता आणि एकदाही त्याने तिला हात लावला नाही. का लावला नाही ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही.

गेल्या डिसेंबरात रजा काढून मी गावी आले. धान चुरून झालं होतं, मळणी आटोपली होती. आईला पडवीत उभं केलं, तिच्या मागे बसले आणि कमरेच्या दोन्ही हाडांवर अंगठे टेकवले. उजवी बाजू खाली.

“माय, तुझा उजवा पाय आखूड हाये,” मी जाहीर केलं. चपलेत घालायला रबराचा तुकडा कापायलासुद्धा बसले.

आईने मान वळवून माझ्याकडे बघितलं. “काय वं डाक्टरीन, पाय नाई आखूड. पडवीले ढाळ हाये. पाणी जावाले तुझ्या बापानंच देल्ला होता.”

बाबांना जाऊन सहा वर्षं झाली. त्यांनी काढलेला ढाळ मी आईच्या हाडांत शोधत होते. शेजारची कमलाबाई हसून हसून खाली बसली. “इतकी शिकली, अन् जमीन तेढी हाये थे दिसलं नाई!”

खरंच दिसलं नाही. ज्या घरात मी रांगले त्या घरात मी क्लिनिकची फरशी गृहीत धरली होती.

गावात सपाट जमीन एकच, आमच्या बुद्धविहाराची. तिथे आईला नेलं, कमलाबाई गंमत बघायला आली. सपाट फरशीवर आईची कंबर सरळ निघाली. पाय दोन्ही सारखे. पण वाकायला सांगितलं तेव्हा उजव्या हाडावरचा माझा अंगठा डाव्यापेक्षा जास्त वर चढला, म्हणजे त्या बाजूला काहीतरी ओढतंय. शेवटच्या बरगडीपासून कमरेच्या हाडापर्यंत एक रुंद स्नायू उतरतो. वर अडलं की खाली ताण येतो. दुखणारी जागा आणि बिघडलेली जागा एकच असेल असं नाही.

तिला सतरंजीवर आडवं केलं आणि छातीच्या खालच्या भागावर दोन्हीकडून तळवे ठेवले. “खोल श्वास घे.”

डावी बाजू उचलली गेली. उजवी जागची हलली नाही. बोटं फिरवली तर दोन बरगड्यांवर टणक गाठी. मोडलेलं हाड आपलं आपण, जसं जमेल तसं जुळून आलं होतं.

“हे कधी मोडलं?”

“कायचं मोडलं! गॅस असन.”

“गॅसनं हाड मोडते का, माय?”

आईने कमलाबाईकडे बघितलं. कमलाबाईने हसणं बंद केलं होतं. “सांग ना वं आता,” ती म्हणाली. “पोरीच्या हातालेच लागलं थे.”

टोळी तेलंगणात मिरची तोडायला गेलेली. एका शेतावरून दुसऱ्या गावाला नेताना मेटाडोर रस्त्याखाली उतरला. बाया पोत्यांवर बसवलेल्या, त्या पोत्यांसकट फेकल्या गेल्या. मुकादमाने बामची डबी फिरवली आणि सांगितलं, दवाखान्यात जाईल तिला पुढच्या साली टोळीत जागा नाही. टोळीतलं घरी सांगायचं नाही हा बायांचा आपसातला जुना रिवाज, तो त्याला आयताच मिळाला. आईने उरलेली मिरची तोडली. ती घरी आली आणि आठ दिवसांनी मी एसटीत बसले.

हात वर होतच नव्हता. आणि मी रुसले होते.

“माहा बी पाह्य,” म्हणत कमलाबाई सतरंजीवर आडवी झाली. संध्याकाळपर्यंत टोळीतल्या आणखी तिघी आल्या. कुणाची बरगडी, कुणाची कंबर. मी तिथेच बसून पत्रक लिहिलं, मुकादमाचं नाव घातलं, गाडीचा नंबर घातला आणि वाचून दाखवलं.

“छापू नको,” आई म्हणाली.

“काऊन?”

“तू छापशीन अन् पुण्याले जाशीन. जागा आमची जाईन.”

मी भांडले. फोटो तरी काढू म्हटलं, या साली जाऊ नको म्हटलं, माझ्यासोबत चल म्हटलं.

“अन् तुह्या चौथ्या माळ्यावर काय करू? तुह्या पेशंटाले पाणी देऊ?”

जानेवारीत गाडी आली तेव्हा मी रजा वाढवून थांबले होते. पुन्हा पोती, पुन्हा वर बाया. मी गाडीच्या तोंडासमोर उभी राहिले. आधी बसायला नीट जागा, मगच गाडी हलेल. ड्रायव्हर हसला, “म्याडम, फोटो गिटो काढा अन् व्हा बाजूले.” मी हलले नाही. मोर्चात मी पोलिसांसमोरही हललेली नाही.

मग वरून आईचा आवाज आला. “हो ना बाजूले, बेटा. मागची टोळी येऊन राह्यली. आमचं काम त्याहिले देऊन टाकन मुकादम.”

मी बाजूला झाले.

तुम्ही वाचताय ते तेच पत्रक आहे, नाव आणि नंबर काढलेलं, नंतरचं जोडलेलं. एवढंच तिने छापू दिलं. पुण्यात कुणी घर कुठे म्हणून विचारलं तर मी गावाचं नाव सांगते. तिथे आत्ता कुणीही नाही. दाराला कुलूप आहे. किल्ली शेजारी ठेवतात, पण कमलाबाईही त्याच गाडीत गेली, म्हणून किल्ली मी बरोबर आणली.